जिताड्याच्या ओठातला दुसरा गळ

गेले दोनेक महिने ठाणे-नवी मुंबईतल्या आम्हा गळवाल्यांमध्ये एकच भांडण चालू आहे. खाडीवर भेटलो की तेच, टपरीवर चहा घेताना तेच. झालं असं की आमच्यातलाच एक पोरगा मासेमारीचे व्हिडिओ बनवतो, चांगले बनवतो, त्याला रॉड-रील विकणाऱ्या एका कंपनीने पैसे द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओत तीच रॉड, तेच लूअर म्हणजे माशासारखा दिसणारा गळ लावलेला खोटा चारा, खाली डिस्काउंटचा कोड. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो हा विकला गेला, छंदाचा धंदा केला. दुसरा म्हणतो पोरगा चार पैसे कमावतोय तर तुमच्या पोटात का दुखतंय. आणि एवढ्यावरच सगळं अडकलंय, दोन महिने झाले तरी एक पाऊल पुढे नाही.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात कारण दोघंही पैशावरच भांडतायत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मासेमारीच्या व्हिडिओत जाहिरात असण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती जाहिरात अनुभवाच्या वेशात येण्याला, आणि त्याहून जास्त हरकत आहे ती जाहिरातीमुळे जे बोलायचं राहून जातं त्याला. खाडीबद्दल आज सर्वात जास्त लोकांपर्यंत पोचणारं बोलणं हे या व्हिडिओवाल्यांचं आहे, सरकारचं नाही, पेपरांचं नाही, दुर्दैवाने कोळ्यांचंही नाही. मग त्यांच्या बोलण्यात काय येतं आणि काय येत नाही हा त्यांचा खाजगी मामला कसा राहील?

आधी एक डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगतो, कारण ती बघितली नसती तर मीही कदाचित दुसऱ्या तटातच असतो. फेब्रुवारीतली पहाट, अमावस्येनंतरचं उधाणाचं पाणी, नेरूळच्या बाजूची जेट्टी. हा पोरगा तीन दिवस तिथे कंपनीचं लूअर मारत होता, एक टोलासुद्धा नाही. चौथ्या दिवशी त्याने साधा गळ काढला, जिवंत कोळंबी लावली आणि पाणी चढायला लागल्यावर अर्ध्या तासात जिताडा लागला, तीन किलोच्या आसपासचा, सुंदर मासा, पाठ काळपट आणि पोट चांदीसारखं. आम्ही सगळे ओरडलो. मग त्याने पक्कड घेऊन तो साधा गळ जबड्यातून काढला, खिशातून ते हिरवं-सोनेरी लूअर काढलं आणि त्याचे तीन आकडे माशाच्या ओठात दुसऱ्या बाजूने घुसवले. मी अगदी शेजारी उभा होतो. उजव्या बाजूला पहिल्या गळाचं फाटलेलं भोक, त्यातून रक्ताची बारीक रेघ, आणि डाव्या बाजूला नवीन लूअर लटकतंय. कॅमेरा डाव्या बाजूला. मासा कल्ले फाकवून हवेत तोंड उघडतोय आणि हा सांगतोय, मित्रांनो बघा, कसा हाणलाय. हे सगळं होईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली. मग कॅच अँड रिलीज म्हणून त्याला पाण्यात सोडला, तो कुशीवर पडून थोडा वेळ तसाच वाहत गेला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आला. तीन कोरडे दिवस त्यात नव्हते, कोळंबी नव्हती. आमच्या बिल्डिंगमधल्या, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने तो बघून ते लूअर मागवलं आणि आठवडाभर खाडीवर जाऊन मारत बसला. आपली खाडी म्हणजे गाळाचं पाणी, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. लूअरला जिताडा येतच नाही असं नाही, येतो, पण कधी, कुठे, कोणत्या पाण्याला हे कळायला वर्षं जातात. त्या मुलाला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. पैसे गेले ते गेलेच, पण त्याला मासेमारीबद्दल खोटं शिकवलं गेलं याचं मला जास्त वाईट वाटलं. कारण या छंदात ज्ञान असंच जातं, एकाकडून दुसऱ्याकडे, बघून आणि विचारून. मलाही कोणीतरी असंच शेजारी बसवून भांग म्हणजे कमी चढणारं भरतीचं पाणी आणि उधाण म्हणजे मोठी भरती यातला फरक शिकवला होता.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते खूप आहे.

पहिलं म्हणजे हा पोरगा कोण आहे? नवी मुंबईच्या गावठाणातला आहे. 1970 मध्ये सिडको आली, 95 गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, शेतं गेली, मिठागरं गेली, 1984 ला जासईला आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड परत द्यायची साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्यांच्या बापजाद्यांचं पोट या पाण्यावर आणि या जमिनीवर होतं त्यांच्या नातवाने त्याच पाण्यावर उभं राहून मोबाईलमधून पैसे कमावले तर त्याला धंदेवाईक म्हणायचा अधिकार कोणाला आहे? विसाव्या मजल्यावर खाडीच्या व्ह्यूसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना? बिल्डर होर्डिंगवर फ्लेमिंगोचा फोटो लावून फ्लॅट विकतो ते चालतं, आणि गावातल्या पोराने रॉड विकली की छंदाचं पावित्र्य भंगतं, हे मला पटत नाही. म्हणून विकला गेला म्हणणाऱ्या तटाला माझं सांगणं आहे, हा शब्द जपून वापरा.

दुसरं, मासेमारी कधीच बाजारापासून लांब नव्हती. कोळ्यांची जाळी आधी सुताची, अंबाडीची असायची, मग नायलॉन आलं, तंगूस म्हणजे गळाची पारदर्शक दोरी आली, होडीला इंजिन लागलं, फिश फाइंडर आला. प्रत्येक वेळी कोणीतरी विकणारा होता आणि प्रत्येक वेळी काही जुनी माणसं म्हणाली असतील की आता संपलं. मी ज्या नाखवा काकांकडे शिकलो ते तंगूस बाटलीला गुंडाळून मासे मारायचे, पण त्यांच्या मुलाने स्पिनिंग रील आणल्यावर पहिल्या दिवशी ती हातातून न सोडणारे तेच होते. चांगलं हत्यार कुठलं हे लोकांना कळणं ही चांगलीच गोष्ट आहे. खाऱ्या पाण्यात कुठली रील सहा महिन्यांत जाम होते आणि कुठली टिकते हे कोणी प्रामाणिकपणे सांगत असेल तर मी त्याचे आभारच मानीन, कंपनीने त्याला पैसे दिले असले तरी.

तिसरं, या व्हिडिओंमुळे मराठी मुलांच्या तोंडी माशांची नावं परत आलीत. बोय, शिंगाळा, निवटी, चिंबोरी, ही नावं फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरांना माहीतच नव्हती. हे काम शाळेने केलं नाही, या पोरांनी केलं.

मग अडतं कुठे? पेपरचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे वर्तमानपत्रं जाहिरातींवरच चालत आलीत, वाचक देतो ते पैसे छपाईलासुद्धा पुरत नाहीत आणि त्यावर कोणीही कधी चिडलं नाही. पण 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण बाहेर आलं, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते लावून धरलं, एकाच मजकुराच्या बातम्या वेगवेगळ्या पेपरांत शब्दही न बदलता छापून आल्याचं लोकांनी बघितलं, तेव्हा मात्र वाचक चिडला, प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली. तेव्हाही पैसा आला हा राग नव्हता. जाहिरात बातमीचा सदरा घालून आली हा राग होता. बातमी वाचताना आपण वेगळ्या डोक्याने वाचतो आणि जाहिरात वाचताना वेगळ्या, आणि ते डोकं बदलायची संधीच वाचकाला दिली नाही. जिताड्याच्या ओठात लूअर अडकवणं आणि त्या बातम्या यात मला काडीचा फरक दिसत नाही. उलट मासेमारीत जास्त वाईट, कारण राजकारण्याच्या बातमीवर आपण मुळात थोडा संशय घेतोच, पण खाडीवर शेजारी बसून बोलणाऱ्या आपल्याच भाषेतल्या माणसावर कोण संशय घेणार?

इथे दुसरा तट म्हणतो, लोक काय लहान आहेत का, डिस्काउंटचा कोड दिसला की कळतं जाहिरात आहे ते. हा मुद्दा वरवर चांगला आहे पण टिकत नाही. कोड आहे म्हणजे वस्तू विकायची आहे एवढं कळतं. मासा त्या वस्तूवर लागला नव्हता हे कसं कळणार? शिवाय याबद्दल आपल्या देशात नियमच आहेत, हे दोन्ही तटांना बहुतेक माहीत नसावं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्याखाली 2022 मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना आल्या, फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि वस्तूची शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने खास इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की पैसे, फुकट वस्तू, सूट, काहीही मिळालं असेल तर ते ठळक सांगायचं, व्हिडिओ असेल तर दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे, आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगायचं. ही शेवटची अट मला सर्वात महत्त्वाची वाटते. आपले सगळे व्हिडिओ मराठीत, मित्रांनो म्हणून सुरुवात मराठीत, माशाचं नाव मराठीत, खाडीला नमस्कार मराठीत, फक्त पैसे घेतल्याची कबुली तेवढी इंग्रजीत, तीसुद्धा दहा हॅशटॅगच्या गर्दीत सातव्या नंबरला. ज्याला फसवायचं नाही तो असं का करेल? "ही जाहिरात आहे" हे तीन शब्द आहेत, बोलायला दोन सेकंद लागतात.

पण समजा उद्या सगळ्यांनी हे तीन शब्द म्हणायला सुरुवात केली. प्रश्न सुटला का? माझ्या मते अर्धाच सुटला, आणि उरलेला अर्धा जास्त कठीण आहे. तो म्हणजे पैसे देणारा तुम्हाला काय बोलू देत नाही.

अमेरिकेत शिकार आणि मासेमारीची मासिकं, टीव्ही चॅनेल हा केवढा तरी मोठा उद्योग आहे, त्यामुळे हा खेळ शेवटपर्यंत गेला की काय होतं ते तिथे दिसतं. जिम झुंबो नावाचा शिकारीवर लिहिणारा लेखक होता, कित्येक वर्षं एका नावाजलेल्या मासिकात लिहायचा, टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम होता. फेब्रुवारी 2007 मध्ये त्याने लिहिलं की लष्करी धाटणीच्या रायफली शिकारीत नकोत. बरोबर की चूक ते सोडा, शिकारीबद्दल शिकाऱ्याचं मत होतं. बंदूकप्रेमी वाचक भडकले आणि काही दिवसांत रेमिंग्टन या रायफल कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले, मासिकाने तोडले, टीव्हीचा कार्यक्रम थांबला. त्याने माफी मागितली तरी उपयोग झाला नाही. आता मला सांगा, त्यानंतर दुसऱ्या कुठल्या लेखकाने त्या विषयावर मनातलं मोकळेपणाने लिहिलं असेल? कंपनीला प्रत्येकाला फोन करून गप्प बसवावं लागत नाही. एकाचं झालेलं बाकीच्यांना दिसतं, तेवढं पुरतं.

आता हेच आपल्या खाडीवर आणून बघा. ठाण्याची खाडी सव्वीसेक किलोमीटर लांब. एका काठाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी, साठच्या दशकापासून केमिकलचे कारखाने, दोन्ही काठांना वाढत गेलेली शहरं आणि त्यांचं सांडपाणी. त्याच खाडीत 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. म्हणजे एकाच पाण्याला जगाने मान दिलाय आणि आपण नाले सोडलेत. गळ टाकणाऱ्याला हे पाणी जवळून दिसतं. कुठल्या दिवशी फेस येतो, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी शिंगाळ्याशिवाय दुसरं काही लागेनासं झालंय, कुठल्या पहाटे चिंबोऱ्या स्वतःहून गाळावर चढून येतात कारण खाली श्वास घेता येत नाही, हे सगळं त्याला माहीत असतं. ही माहिती सोन्यासारखी आहे. पण कुठल्या प्रायोजित व्हिडिओत तुम्ही हे ऐकलंत? मी नाही ऐकलं. कारण रॉड विकायची तर खाडी मासळीने भरलेली दिसली पाहिजे. रिकाम्या पाण्याला रॉड कोण घेईल? कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिला विकायचंय, तिचं काम ते. पण तिच्या कामात बसत नाही ते सगळं व्हिडिओतून आपोआप गळून जातं, आणि बघणाऱ्या लाखभर लोकांच्या डोक्यात एक अशी खाडी तयार होते जी कधी नव्हतीच.

त्या खोट्या खाडीत कोळीही नसतो. वाशीच्या मच्छीमार सहकारी संस्थेने तिसऱ्या खाडीपुलामुळे मासेमारीवर होणाऱ्या परिणामासाठी हायकोर्टात दाद मागितली आणि ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारला मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचं धोरण ठरवायला सांगितलं. मासेमारीवर बोलणाऱ्या माणसासाठी याहून मोठी बातमी कुठली? पण त्या बातमीला कोड चिकटवता येत नाही.

आणि जून. जूनचं तर मला फारच लागतं. पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्यांतून, भातखाचरांतून मासे वर चढतात, गाबोळीने पोट भरलेले, अंडी घालायला. वलगणीचे मासे आपल्या ठाणे, रायगड, पालघरकडे पिढ्यानपिढ्या लोक धरतात, मी लहानपणी मामाकडे धरलेत, त्या रात्रीचा बेडकांचा आवाज अजून कानात आहे. गावातल्या घरांनी एक-दोन रात्री कालवणापुरते धरले तर ओढा रिकामा होत नव्हता. आता त्याचे व्हिडिओ बनतात, जागेचं नाव सांगून, लोकेशन देऊन, आणि त्याला पावसाळी ऑफरची जाहिरात जोडून. दुसऱ्या दिवशी त्या ओढ्यावर डोंबिवलीपासून पनवेलपर्यंतच्या गाड्या. इकडे समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, कोळी दोन महिने होडी शाकारून घरी बसतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जातो, का तर मासळीला वीण घालायला वेळ मिळावा म्हणून. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, त्याहून लहान पकडू नका म्हणून. म्हणजे ज्याचं पोट माशावर आहे त्याने थांबायचं आणि ज्याचं पोट माशावर नाही त्याने त्याच महिन्यांत गाभण मासे उपसायचे? परंपरा आहे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, परंपरेत लोकेशन पाठवायची पद्धत कुठे होती?

आता विरुद्ध बाजूचा सर्वात तगडा मुद्दा. तो आमच्या ग्रुपमधल्या एका शिकलेल्या मित्राने मांडला आणि मला दोन दिवस विचार करायला लागला. तो म्हणाला, काका, अमेरिकेत जंगलं आणि नद्या शिकारी आणि गळवाल्यांच्या पैशानेच वाचल्यात. आणि हे खरं आहे. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर सरळ वन्यजीवांसाठी राखून ठेवला, 1950 मध्ये मासेमारीच्या सामानालाही तेच लागू केलं, दहा टक्के. तिथे जितक्या रॉड विकल्या जातात तितके पैसे नद्यांना मिळतात. 1911 मध्ये तर विंचेस्टरसारख्या बंदूक कंपन्यांनी स्वतः पैसे घालून शिकारीची जनावरं वाचवायला संस्था काढली, कारण जनावर संपलं तर बंदूक कोण घेणार हे त्यांना कळलं होतं. एवढंच कशाला, न्यूयॉर्कच्या ज्या शिकार-मासेमारीच्या साप्ताहिकात बंदुकांच्या जाहिराती यायच्या त्याच साप्ताहिकाचा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने 1894 मध्ये शिकारीचं मांस बाजारात विकायलाच बंदी घाला अशी मागणी लावून धरली. जाहिरातीचा पैसा घेऊनही खरं बोलता येतं याचा हा पुरावाच आहे.

पण या उदाहरणात नीट बघितलं तर माझंच म्हणणं आहे. एक, तिथला पैसा कंपनीच्या चांगुलपणावर सोडला नाही, कायद्याने बांधला. आपण रॉड घेताना जीएसटी भरतो, त्यातला कुठला रुपया खाडीच्या नावाने वेगळा ठेवला जातो? दोन, ग्रिनेलची मागणी त्याच्या जाहिरातदारांना सोयीची होती का गैरसोयीची याचा विचार न करता संपादक म्हणून त्याने ती मांडली, आणि ती वेळेवर मांडणारे फार थोडे होते. तिथल्या प्रवासी कबुतरांचे थवे बाजारासाठी मारून मारून संपले, शेवटचं कबुतर 1 सप्टेंबर 1914 ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं.

आपला इतिहास तर याहून जवळचा आहे. पन्नास-साठच्या दशकात आपल्या देशातल्या शिकार कंपन्या परदेशी मासिकांत वाघाच्या शिकारीच्या जाहिराती द्यायच्या, अशी एक कंपनी तर नागपूरहून चालायची. डॉलर यायचे, जंगलातल्या लोकांना रोजगार मिळायचा, हाच युक्तिवाद तेव्हाही होता. 1972 च्या मोजणीत वाघ अठराशेच्या आसपास निघाले, त्याच वर्षी वन्यजीव कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प. त्या जाहिरातींत वाघ कमी होतायत असं कुठे छापलं असेल का? ते छापणं जाहिरातीच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून ते दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारे उशिरा आले.

माशाचंच उदाहरण हवं तर कावेरीचं घ्या, आणि ते आपल्या लोणावळ्यापर्यंत येतं. महसीर हा नदीतला मोठा मासा, आणि कावेरीतला कुबड्या महसीर म्हणजे गळवाल्यांचं स्वप्न, 1946 मध्ये कबिनी नदीत 120 पौंडांचा धरल्याची नोंद आहे. सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याच्या मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेल्या निळ्या पराच्या महसीरची पिल्लं कावेरीत सोडली गेली, हेतू चांगला होता, नदी माशांनी भरलेली राहावी. झालं उलटं, बाहेरचा महसीर वाढला आणि मूळचा कुबड्या जवळजवळ संपला, 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. हे कशावरून कळलं? तिथल्या अँगलिंग कॅम्पवर, म्हणजे हौशी गळवाल्यांच्या तळावर, 1998 ते 2012 मध्ये ठेवलेल्या नोंदींवरून. कोणी किती तास गळ टाकला, कुठला मासा लागला, केवढा, सगळं वहीत लिहिलेलं. पुढे अभयारण्यात गळ टाकणं कायद्यात बसत नाही म्हणून ते कॅम्प बंद झाले, तो वेगळा वाद. पण बघा, पैसे देऊन येणाऱ्या हौशी लोकांच्या कॅम्पने विज्ञानाला जे दिलं ते कुणी देऊ शकलं नव्हतं, आणि ते दिलं कारण त्या वहीत रिकामे तासही लिहिलेले होते. किती तास काहीच लागलं नाही हा आकडा नसेल तर मासे कमी होतायत हे कळणारच नाही. आमच्या पोराने कापून टाकलेले तीन कोरडे दिवस म्हणजे नेमकी हीच माहिती होती.

म्हणून मला वाटतं आपण भांडण बदललं पाहिजे. पैसे घ्यावेत की नाही हे सोडून द्या, घ्यावेत. करार करताना काय विकायचं नाही ते ठरवा. कोळंबीवर लागलेला मासा लूअरवर लागला म्हणून दाखवणार नाही, वलगणीच्या जागा सांगणार नाही, पाणी वाईट असेल तर वाईट म्हणेन, कोरडा दिवस कोरडा दाखवीन. एकट्या पोराने कंपनीला हे सांगितलं तर कंपनी दुसरा पोरगा शोधेल, हे मला कळतं. पण ठाण्यापासून उरणपर्यंत मासेमारीचे मराठी व्हिडिओ करणारी मुलं एकमेकांना ओळखतात, एकाच जेट्टीवर उभी असतात, त्यांनी एकत्र सांगितलं तर कंपनी जाणार कुठे? तिलाही मराठी गिऱ्हाईक हवंच आहे. आणि आपण बघणाऱ्यांनीही जिताडा किती किलोचा एवढंच विचारण्याऐवजी कशावर लागला, कितव्या दिवशी लागला हे विचारायला सुरुवात करावी.

हे सगळं मी त्या पोराला तोंडावर सांगितलं. त्या लूअरचंही सांगितलं, मी बघितलं होतं म्हणून. तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "काका, करारातच आहे की पहिल्या दहा सेकंदांत मासा दिसला पाहिजे, तोही लूअरवर. मी काय करू?" शेजारी जाळं विणत बसलेल्या मावशी सगळं ऐकत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "पैसं घे रे, पन खोटं कशाला बोलतोस?" तो काहीच बोलला नाही, रॉड उचलून गेला.

गेल्या अष्टमीला, भांगाचं पाणी होतं, त्याने मला एक व्हिडिओ पाठवला, अजून टाकलेला नाही. सुरुवातीलाच तो कॅमेऱ्यात बघून म्हणतो, ही जाहिरात आहे, या कंपनीने मला पैसे दिलेत. मग चार तास गळ, एक बोयसुद्धा नाही. सहाव्या मिनिटाला तो कॅमेरा फिरवतो, नाल्याच्या तोंडाशी पांढरा फेस साचलाय आणि त्यात एक शिंगाळा पोट वर करून तरंगतोय, तिथे तो काहीच बोलत नाही, नुसता दाखवतो. हा भाग ठेवू का काढू असं त्याने विचारलंय. मी ठेव म्हणून कळवलंय. कंपनीलाही पाठवलाय म्हणतो, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.